पांढरा बैल उजवीकडचा

सन १९८६. मी तेव्हा चोपन्न वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत झालेली, तीही अर्धी. सही करता येते, पत्र अडखळत वाचता येतं, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर हे लिहायला बसलोय. कोणाला हसायचं असेल तर हसावं. बैलांच्या बाबतीत मात्र आमच्या सावद्याकडच्या चार-पाच गावांत मला कोणी हसत नव्हतं, आणि ही सगळी हकीगत त्याच्यामुळेच झाली.

लोक माझ्याकडे गोऱ्हे शिकवायला आणून सोडायचे. गोऱ्हा दोन दिवस दावणीला बघायचा, थोडा फिरवायचा, आणि मग मी सांगायचो की हा जुवाच्या उजवीकडे चालेल की डावीकडे. एकदा बाजू ठरली की बैलाची ती बाजू जन्माची. विकतानासुद्धा आधी बाजू सांगायची असते. घेणारा आधी ते विचारतो, दात नंतर बघतो. उजवीकडचा बैल डावीकडे जुंपला तर तो अंग बाहेर टाकतो, जोडीदाराला ढकलतो, गाडी रस्त्यावरून उतरवतो. ज्याला हे कळत नाही त्याला आमच्याकडे शेतकरी म्हणत नाहीत. निदान मी तरी म्हणत नव्हतो, आणि ते तोंडावर बोलून दाखवत होतो. शेजारच्या मळ्यातल्या एकाला मी भर बाजारात म्हटलं होतं, "तुझे बैल उलटे जुंपलेत, आधी ते सोड आणि मग मोठेपणा सांग." तो ते विसरला नव्हता.

माझी स्वतःची जोडी होती पांढरा आणि तांबडा. पांढरा उजवीकडचा. त्याचं उजवं शिंग लहानपणीच टोकाला मोडलेलं. तांबडा डावीकडचा. आठ वर्षं तसेच चालले.

एक दिवस केळीचे घड भरून स्टेशनकडे चाललो होतो. वॅगन लागली होती, घाई होती. एक तरुण माणूस रस्त्यात मोटरसायकल उभी करून गळ्यात कॅमेरा अडकवून उभा. धुळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचा. म्हणाला, "नाना, थांबू नका, चालत राहा, माझ्याकडे बघू नका." मी म्हटलं, "तुझ्याकडे बघायला तू काय नवरी आहेस?" तो हसला आणि तीन वेळा कॅमेरा वाजवला. नाव-गाव लिहून घेतलं आणि गेला. मी विसरून गेलो.

सात-आठ महिन्यांनी त्याचं कार्ड आलं. पोस्टमनने ते आधी पारावर वाचलं, मग मला आणून दिलं. तुमचा फोटो धुळ्याच्या कलादालनात प्रदर्शनात लागला आहे, त्याला दुसरं बक्षीस मिळालं आहे, पुढच्या महिन्यात तेच प्रदर्शन जळगावच्या कलादालनात आठ दिवस आहे, तेव्हा गावातल्या मंडळींना घेऊन अवश्य या. कलादालन म्हणजे काय ते पोस्टमनलाही सांगता येईना. पण पारावर त्याच दिवशी ठरलं की जळगावला टेम्पो करून सगळ्यांनी जायचं. शेजारचा मळेवाला सगळ्यांत पुढे. म्हणाला, "नानाचे बैल बघायला मी तर नक्की येणार."

मला महिनाभर थांबवेना. मुलगी सोनगीरला दिलेली. तिला भेटून येतो असं सांगून मी आणि घरची बाई निघालो. मुक्कामाला लेकीकडे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच व्याह्यांना बरोबर घेऊन धुळ्याला. व्याही माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, बोलायला तिखट, आणि त्यांची भाषा अहिराणी. वाटेत एसटीत दोनदा म्हणाले, "व्याही, आते तुम्ही मोठा माणूस व्हयनात, आमले वळख द्या बरं." खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं. टोपी नवी घातली होती.

कलादालन म्हणजे एक लांबच लांब खोली निघाली. पांढऱ्या भिंती, फरशी ओली पुसलेली, आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. बाहेर चपला काढायच्या का, ते कळेना. आम्ही काढल्या. आत गेलो तर आतले सगळे बूट घालून. मग बाईने परत जाऊन तिघांच्या चपला आणल्या. तेवढ्यात मी पहिल्या चित्रापुढे उभा राहिलो. ते सगळं निळं होतं. मधे एक काळी रेघ. खाली पुठ्ठ्यावर काही लिहिलेलं. मी म्हटलं रंग द्यायचा राहिला असेल. व्याह्यांनी मान वाकडी करून बघितलं, खाली बसून बघितलं आणि विचारलं, "हाई काय शे?"

"मला विचारू नका."

"विहीर शे का?"

"विहीर असेल."

"मंग पानी कोठे शे?"

दारातल्या शिपायाने हातानेच हळू बोला म्हणून खूण केली.

पुढे फोटो लागले. सोनगीरच्या किल्ल्याचा एक होता. व्याही त्याच्यापुढे गेले आणि एकदम छाती काढून उभे राहिले, जसा काही किल्ला त्यांनीच बांधला. बुरूज मोजले, वाट बघितली, आणि म्हणाले, "बराबर शे." मग बाईने पलीकडून हाक दिली, "अहो, अठी या. तुमी अठी आहे."

मी गेलो. मोठ्ठा फोटो होता, दोन हातांत न मावणारा, काळा-पांढरा. कोपऱ्यात बक्षिसाची लाल पट्टी. गाडी, घड, धुरळा, आणि वर बसलेला मी. मी स्वतःला एवढं मोठं कधी बघितलं नव्हतं. मानेवरच्या शिरासुद्धा दिसत होत्या. घटकाभर छान वाटलं. मग मी बैल बघितले.

पांढरा डावीकडे होता.

मला वाटलं माझी चूक होतेय. समोरून बघताना बाजू फिरते, हे मला कळतं. म्हणून मी फोटोकडे पाठ केली आणि गाडीवर बसल्यासारखा उभा राहिलो. कासरा धरल्यासारखे हात केले. मान वळवून बघितलं. पांढरा डावीकडेच. पुन्हा समोरून बघितलं, पुन्हा पाठ केली. दोन कॉलेजच्या मुली तोंडाला रुमाल लावून हसायला लागल्या.

बाई म्हणाली, "काहून असे गोल गोल फिरून राह्यले? चक्कर आली का?"

"पांढरा बघ."

"काय झालं पांढऱ्याले?"

"कोणत्या बाजूला आहे?"

तिने बघितलं. तीही वळली, तिनेही पाठ केली. मग म्हणाली, "अरे बाप्पा. आणि काठी? तुमी डावखुरे कधी झाले?"

काठी खरंच डाव्या हातात होती. मी डाव्या हाताने कधी भाकरी मोडली नाही. आणि पांढऱ्याचं मोडकं शिंग, तेही डावं. म्हणजे बैल नुसते अदलाबदल करून जुंपले असते तर शिंग उजवंच मोडकं राहिलं असतं. इथे शिंगही फिरलं होतं, हातही फिरला होता. माझं डोकं चालेना. एक क्षण असं वाटलं की हे दुसरेच बैल, दुसराच माणूस, माझ्यासारखा दिसणारा. मग वाटलं, त्या दिवशी मीच घाईत काही केलं का? शेवटी मी माझ्या स्वतःच्या हातांकडे बघितलं, कोणता कोणता आहे ते. हे लिहायला लाज वाटते, पण तसं झालं.

व्याही आले. त्यांना सांगावं लागलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि असे हसले की शिपाई उठून उभा राहिला.

"मना किल्ला सरळ शे," व्याही म्हणाले, "नी तुम्हनं समदं उलटं शे! आते गाववालास्ले काय दखाडशात?"

तेच. हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. महिन्याभराने टेम्पो भरून गाव जळगावला येणार होतं, आणि या फोटोपुढे तो शेजारचा उभा राहणार होता. चार-पाच गावांना बाजू सांगणारा नाना, आणि त्याचाच पांढरा डावीकडे, वर बक्षिसाची पट्टी. फोटो उलटा झालाय हे मी कोणाकोणाला सांगत बसणार होतो? आणि सांगितलं तरी ते पटेल का? मला स्वतःलाच कळत नव्हतं की फोटो उलटा होतो कसा.

दाराशी टेबलावर एक वही होती. आलेल्यांनी तिच्यात काही लिहायचं. मी वर बघितलं तर सगळीकडे 'अप्रतिम', 'फार सुंदर', 'जिवंत छायाचित्रण'. मी पेन घेतलं आणि लिहिलं, 'बैल चुकीचे जुंपले आहेत. मी नाही जुंपले.' खाली सही केली. बरीच वर्षं मी एवढं लिहिलं नव्हतं. व्याह्यांनी वाचायला सांगितलं, मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मंग कोन्ही जुंपात?"

तो फोटोवाला मास्तर दुपारी आला. मला बघून धावतच आला, पाया पडला, बाईच्याही पडला. चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही. म्हटलं, "आधी हे सांग, माझे बैल कोणी फिरवले?"

त्याचा चेहरा पडला. पण खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. म्हणाला, "नाना, फिल्मची एक पट्टी असते, पातळ, आरपार दिसणारी. ती यंत्रात पालथी ठेवली गेली तर सगळं उलट येतं. घाईत माझ्याकडून पालथी ठेवली गेली."

"मग कळलं नाही?"

"कागद वाळल्यावर कळलं. तुमचा हात बघून कळलं."

"कळलं आणि तरी लावलास?"

"हो."

मला राग आला, पण त्याहून जास्त गोंधळ झाला. चुकून झालं असतं तर मी समजू शकलो असतो. चूक कळल्यावर कोणी माणूस तीच चूक काच लावून भिंतीवर टांगतो का? मी पेरणी चुकलो तर पुन्हा वखर घालतो. मी त्याला तसंच म्हटलं. त्याने झोळीतून एक पाकीट काढलं. त्यातून एक लहान फोटो काढला, पाटीएवढा. "हा सरळ आहे," म्हणाला. "तुम्हाला जळगावला द्यायचा म्हणून झोळीत ठेवला होता. आता दोन्ही बघा, आणि मग मला काय म्हणायचं ते म्हणा."

त्याने तो मोठ्या फोटोच्या शेजारी भिंतीला धरला. पांढरा उजवीकडे, काठी उजव्या हातात, शिंग जिथलं तिथे. माझा जीव भांड्यात पडला. हाच मी. असाच मी त्या दिवशी होतो.

आणि मग, का कोण जाणे, माझी नजर पुन्हा मोठ्याकडे गेली.

कसं सांगू? तीच गाडी, तेच घड, तोच धुरळा, तोच मी. पण सरळ फोटोत सगळं कुठेतरी कोपऱ्यात सरकत होतं, निसटत होतं. उलट्यात गाडी येत होती. मास्तर सांगायला लागला की आपण अक्षरं डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून डोळ्याला ती सवय लागते, त्याच बाजूला चाललेली वस्तू जाते असं वाटतं आणि उलट बाजूची येते असं वाटतं. मी म्हटलं, "मी तिसरी नापास, मी काय वाचतो? माझ्या डोळ्याला कसली सवय?" पण दिसत तर मलाही तसंच होतं, आणि तेच कळत नव्हतं.

बाई शेजारी उभी होती. तिला अक्षर एक येत नाही. मी तिला विचारलं, "तुला कोणता बरा वाटतो?"

तिने मोठ्यावर बोट ठेवलं. शिपाई ओरडला, "काचेला हात लावू नका, मावशी!" तिने बोट काढलं आणि पदराने काच पुसली.

"हा," म्हणाली.

"हा उलटा आहे."

"माहीत आहे मले. पण याच्यात तुमी घरी येऊन राह्यले. त्याच्यात चालले."

"मी दोन्हीत स्टेशनवरच चाललोय. घड भरलेत, दिसत नाही?"

"ते तुमाले माहीत. मी दिसतं ते सांगते."

व्याही म्हणाले, "विहीणबाई खरं सांगी राहिन्यात." त्यांच्या तोंडून मस्करी नसलेलं ते दिवसभरातलं पहिलं वाक्य होतं.

मास्तर म्हणाला, "नाना, तुम्ही म्हणाल तसं. जळगावला मी सरळ लावतो. फक्त तो बक्षिसाचा नाही, म्हणून पट्टी लागणार नाही. तुमचे बैल आहेत. तुम्ही सांगा."

मी खूप वेळ उभा राहिलो. पाय दुखायला लागले, तिथे बसायला एक बाकडं होतं ते मी वापरलं नाही. खरा लावावा तर माझं नाव शाबूत, आणि खोटा लावावा तर चार गावं हसणार. यात विचार करण्यासारखं काय होतं? पण मी जितक्या वेळा खऱ्याकडे बघायचो तितक्या वेळा ती गाडी निघून जायची. आणि पट्टीचं म्हणाल तर, हो, पट्टीचाही मोह होता. नाही म्हणणार नाही. पण तेवढाच नव्हता. अजूनही मला त्याची वाटणी करता येत नाही, किती पट्टी आणि किती बाकीचं.

शेवटी माझ्या तोंडून निघालं, "राहू दे."

"कोणता?"

"लावलाय तो."

मास्तरला आनंद झाला, तो काही बोलणार होता, पण मी थांबलो नाही. दाराशी गेलो, वही उघडली आणि माझं लिहिलेलं खोडलं. ती वही प्रदर्शनाबरोबर जळगावला जाणार होती. नीट खोडलं, आडव्या-उभ्या रेघा मारून, वाचता येऊ नये असं. सही तेवढी राहू दिली. त्यामुळे त्या पानावर आता नुसती माझी सही आहे, आणि वर एक काळा पट्टा. निळ्या चित्रासारखंच काहीतरी झालं.

स्टँडवर व्याह्यांनी मला विचारलं, "खरं सांगा व्याही, असं का करात?" मी म्हटलं, "गाडी लागली, चढा तुम्ही." ते सोनगीरला गेले, आम्ही जळगावच्या गाडीत बसलो. बाईने लहान फोटो पिशवीत भाकरीच्या फडक्यात गुंडाळला होता. पारोळ्याच्या पुढे तिने विचारलं, "आता शेजारचा काय म्हणन?" मी खिडकीकडे बघत राहिलो. रात्र पडल्यावर घरी पोचलो. पांढरा मला बघून नेहमीसारखा हंबरला. त्याच्यापुढे उभं राहायला मला उगीच अवघड वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढून झालं आणि मी बैल सोडले. रिकामी गाडी मळ्याच्या वाटेला ओढून घेतली. पांढऱ्याला डावीकडे आणलं. तो आपसूक उजवीकडे गेला. मी पुन्हा आणला, तो पुन्हा गेला. तिसऱ्यांदा मी त्याचा कान धरला आणि म्हटलं, "बाबा, मलाही कळत नाही, पण उभा राहा." तो उभा राहिला. जू मानेवर घेतलं. तांबडा मात्र हलेना, आपल्या जागी दुसरं कोण आलं म्हणून सारखा बाजूला बघत होता. काठी मी डाव्या हातात घेतली. हात असा काही अवघडला की काठी पहिल्यांदा माझ्याच गुडघ्याला लागली.

दहा पावलं गेलो तर गाडी बांधावर. मागे घेतली, पुन्हा हाकली, पुन्हा बांधावर.

शेजारचा मळेवाला पाटाचं पाणी वळवत होता. फावडं टाकून उभा राहिला. बाजारातल्या त्या दिवसापासून ज्याची वाट बघत होता ते त्याला दिसत होतं. "काय हो नाना," तो ओरडला, "आज बैल उलटे?"

"उलटे कुठे?" मी म्हटलं. "माझा पांढरा डावीकडचाच आहे. जळगावला जाऊन बघ."

त्याने फावडं उचललं आणि पुन्हा टाकलं. तेवढ्यात बाई न्याहारी घेऊन आली. तिने आधी बैल बघितले, मग माझा डावा हात, मग मला. मी तिला म्हटलं, "महिना आहे. महिन्यात शिकवीन."

"शिकवाल," ती म्हणाली. "आणि शिंग? फोटोत डावं मोडलं आहे. ते काय पालथं करून बसवता?"

शिंगाचा मी विचारच केला नव्हता. मी पांढऱ्याच्या डोक्याकडे बघितलं. उजवं शिंग, टोक नसलेलं, आता जुवाच्या आतल्या अंगाला आलं होतं आणि तांबड्याच्या कानाला लागत होतं. मी त्या टोकाला एक फडकं गुंडाळलं, काठी पुन्हा डाव्या हातात घेतली आणि गाडी बांधावरून खाली घेतली.